राजमुकुट कोणाचा, राजा कोणाचा?

मे महिन्याची ६ तारीख कोल्हापूरकरांना विसरता येत नाही. १९२२ साली याच दिवशी मुंबईत राजर्षी शाहू महाराजांचे देहावसान झाले. त्या घटनेस शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा, ६ मे २०२२ रोजी सकाळी दहा वाजता, हे शहर शंभर सेकंद जागच्या जागी थांबले. रस्त्यावरची वाहने थांबली, दुकानातली देवघेव थांबली, माणसे जिथे होती तिथे उभी राहिली. ज्या राजाला पाहिलेला एकही माणूस त्या गर्दीत बहुधा नव्हता, त्या राजासाठी ही स्तब्धता होती. त्यानंतर बरोबर एक वर्षाने, ६ मे २०२३ रोजी, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये तिसरे चार्ल्स यांच्या मस्तकावर मुकुट चढला. त्या दुपारी आमच्या अनेक ख्रिस्ती घरांतून माणसे दूरचित्रवाणीसमोर तास न् तास बसून होती. सोन्याचा रथ, तेलाचा अभ्यंग, राजदंड, गायकवृंद, सारे काही डोळे भरून पाहिले गेले. त्याच दिवशी शाहू महाराजांचा स्मृतिदिन आहे याची आठवण त्यांतल्या किती घरांत निघाली, असा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला आणि उत्तर देताना आमची मान खाली गेली. आमचेही घर त्याला अपवाद नव्हते.

सोहळा पाहू नये, असे आमचे म्हणणे नाही. देखणी गोष्ट पाहण्यात पाप कसले? आमचा आक्षेप आहे तो त्यानंतर आमच्या अंगणांतून, चर्चच्या आवारातून आणि लग्नाच्या पंगतींतून ऐकू येणाऱ्या बोलण्यावर. ते बोलणे तीन प्रकारचे असते. पहिले असे की, राजघराणे असावे तर इंग्रजांसारखे. सत्ता गेली तरी मान गेला नाही. दुसरे असे की, काही झाले तरी ते ख्रिस्ती राजघराणे आहे, त्याच्याशी आपले एक नाते आहे. तिसरे, जरा दबल्या आवाजातले, असे की, शाहू महाराज थोर होते खरे, पण ते ‘त्यांचे’ राजे. आपल्या समाजाचा त्यांच्याशी काय संबंध? ही तिन्ही मते चुकीची आहेत, आणि तिसरे तर कृतघ्नपणाचे आहे, असे आम्ही येथे स्पष्टपणे मांडू इच्छितो.

पहिल्या मतापासून सुरुवात करू. इंग्लंडच्या गादीची सत्ता गेली आणि मान राहिला, हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण त्यात इतिहासाचा एक मोठा भाग गिळून टाकलेला आहे. त्या गादीने सत्ता आपखुशीने सोडलेली नाही. १६४९ साली इंग्रजांनी आपल्या राजाचे, पहिल्या चार्ल्सचे, मस्तक उडविले आणि अकरा वर्षे राजाशिवाय कारभार केला. १६८८ साली त्यांनी आणखी एका राजाला देशाबाहेर जावयास लावले आणि पुढच्या वर्षी नव्या राजाराणीकडून पार्लमेंटचे हक्क मान्य करून घेतले. तेव्हापासून राजाच्या हातातली एकेक गोष्ट पार्लमेंटने काढून घेतली. १८६७ साली वॉल्टर बॅजट या लेखकाने आपल्या प्रसिद्ध ग्रंथात राज्यघटनेचे दोन भाग सांगितले: एक लोकांच्या मनात आदर निर्माण करणारा, दुसरा प्रत्यक्ष काम करणारा. राजा पहिल्या भागात मोडतो आणि त्याच्याकडे सल्ला विचारला जाण्याचा, उत्तेजन देण्याचा आणि इशारा देण्याचा एवढाच हक्क उरतो, असे त्याचे प्रतिपादन होते. म्हणजे आज आपण ज्याचे कौतुक करतो तो राजाचा संयम नव्हे; ती प्रजेने दोनशे वर्षे खपून घातलेली वेसण आहे. कौतुक करावयाचेच तर वेसण घालणाऱ्यांचे करावे.

बरे, मान तरी अखंड राहिला काय? तोही नाही. व्हिक्टोरिया राणी १८६१ साली विधवा झाल्यावर वर्षानुवर्षे लोकांसमोर येईना, तेव्हा १८७० च्या सुमारास ‘राणी हवीच कशाला’ असे उघडपणे विचारणाऱ्या प्रजासत्ताकवादी मंडळ्या इंग्लंडातच निघाल्या होत्या. पुढे १८८७ आणि १८९७ चे ज्युबिली सोहळे थाटामाटात झाले आणि लोकप्रियता परत आली. १९१७ साली जर्मनीशी युद्ध चालू असताना आपले जर्मन नाव लोकांना खुपते हे पाहून राजघराण्याने ते बदलून ‘विंडसर’ हे नाव घेतले. १९३६ साली आठव्या एडवर्डने एका विवाहासाठी गादी सोडली. १९९२ साली घराण्यातील बेबनाव आणि विंडसरच्या किल्ल्याला लागलेली आग यांनी हैराण झालेल्या एलिझाबेथ राणीने ते वर्ष भयंकर गेल्याची कबुली जाहीर भाषणात दिली, आणि पुढच्या वर्षापासून ती प्राप्तिकर भरू लागली. १९९७ साली डायनाच्या मृत्यूनंतर राणी लंडनला परतावयास उशीर करते आहे म्हणून लोक संतापले, तेव्हा तिला दूरचित्रवाणीवरून प्रजेशी बोलावे लागले. २०२१ साली बार्बाडोसने तिला राष्ट्रप्रमुखपदावरून दूर करून स्वतःस प्रजासत्ताक घोषित केले. २०२२ च्या सप्टेंबरात ती वारली तेव्हा मात्र तिच्या शवपेटीच्या दर्शनासाठी लोक रात्रंदिवस रांगेत उभे राहिले. या साऱ्यावरून एवढेच दिसते की, मान ही काही गादीला चिकटलेली वस्तू नाही. तो वागणुकीने चढतो, वागणुकीने उतरतो, आणि कधीकधी नुसत्या रोषणाईनेही काही काळ चढवून ठेवता येतो.

रोषणाईची गोष्ट निघाली म्हणून एक आठवण करून देणे भाग आहे. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले. राजेरजवाडे, हत्ती, झुली, तोफांच्या सलाम्या, काही म्हणता काही कमी नव्हते. आणि नेमक्या त्याच हंगामात आमच्या दख्खनच्या पठारावर १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ चालू होता. सोलापूर, विजापूर, नगरकडील माणसे अन्नान्न करीत गाव सोडत होती. आमच्यापैकी अनेकांच्या पणजोबा-खापरपणजोबांच्या आयुष्यातला हा काळ आहे. हे ठाऊक असूनही ज्याला त्या दरबाराच्या चित्रात केवळ वैभव दिसते, त्याने एकदा आपल्याच घराण्याची कहाणी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून घ्यावी.

आता दुसरे मत. ‘ते ख्रिस्ती घराणे, म्हणून आपले.’ या मताची मुळे खोल आहेत आणि ती नीट समजून घेतली पाहिजेत. मुंबई आणि साष्टी परिसरातील आपले मराठी बोलणारे कॅथलिक बांधव पोर्तुगीज अमदानीपासूनचे ख्रिस्ती. इंग्रजी राज्यात त्यांना ‘पोर्तुगीज ख्रिश्चन’ म्हटले जाई. गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांची आणि यांची सरकारदरबारी गल्लत होई. तेव्हा १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले आणि त्या नावाची संस्था स्थापन केली. आम्ही मुंबई इलाख्यातले ब्रिटिशांचे सर्वांत जुने प्रजाजन, हा त्या नावामागचा दावा होता. त्यांना आम्ही दोष देत नाही. घरातल्या चुलीचा आणि मुलांच्या नोकरीचा प्रश्न होता. ज्याच्या हाती भाकरी त्याच्याकडे पाहून नाव निवडावे लागले. परंतु या भूमीत पिढ्यान् पिढ्या शेती आणि मासेमारी करणाऱ्या, मराठीत गाणी म्हणणाऱ्या माणसांना आपली ओळख सांगण्यासाठी एका परक्या कंपनीचे नाव आणि एका परक्या राणीचा उत्सव शोधावा लागला, ही गोष्ट अभिमानाने मिरविण्याची नाही. ती विचार करण्याची आहे.

आणि ज्या गादीशी नाते सांगावयाचे ती गादी आपल्याविषयी काय म्हणत होती? १७०१ च्या वारसाविषयक कायद्याने कॅथलिक माणसाला इंग्लंडच्या सिंहासनावर बसण्यास बंदी केली, आणि कॅथलिक व्यक्तीशी लग्न करणाऱ्यासही गादीला मुकावे लागे. म्हणजे १८८७ साली आमचे बांधव राणीचा महोत्सव साजरा करीत होते, तेव्हा त्या राणीच्या घरात त्यांच्या धर्माची सूनदेखील गादीच्या वारसाला चालत नव्हती. विवाहाची अट २०१३ च्या कायद्याने दूर केली आणि तो कायदा २०१५ पासून अमलात आला. परंतु राजा स्वतः कॅथलिक असता कामा नये, ही अट आजही कायम आहे. २०२३ च्या राज्यारोहणातही राजाने प्रॉटेस्टंट धर्म राखण्याची शपथ घेतलीच. आमच्या वाचकांस ठाऊक आहे की, १५३५ साली संत जॉन फिशर आणि संत थॉमस मोर यांची मस्तके याच गादीच्या हुकमाने उडविली गेली, कारण राजा हा ख्रिस्तसभेचा प्रमुख होय असे म्हणण्यास त्यांची जीभ वळेना.

येथे कोणी म्हणेल की, आता काळ बदलला. खरे आहे, आणि त्याचा आम्हांस मनापासून आनंद आहे. चार्ल्स राजांच्या राज्याभिषेकात वेस्टमिन्स्टरचे कॅथलिक कार्डिनल आशीर्वाद देण्यासाठी उभे होते, आणि २३ ऑक्टोबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे आणि राजा चार्ल्स यांनी सिस्टिन चॅपेलमध्ये एकत्र प्रार्थना केली. धर्मसुधारणेच्या काळापासून असे कधी घडले नव्हते. दोन भावांनी जुने वैर विसरून एका वेदीसमोर उभे राहावे, ही प्रभूची कृपा आहे. परंतु समेट ही एक गोष्ट आणि निष्ठा ही दुसरी. समेटाचे स्वागत करताना, आपण कधीकाळी त्यांची प्रजा होतो या आठवणीने छाती फुगविण्याचे कारण नाही.

आता तिसऱ्या मताकडे, म्हणजे आमच्या खऱ्या विषयाकडे वळतो.

कोल्हापूरच्या गादीचा इतिहास हा देखील सत्ता आणि लोकप्रीती यांच्या चढउताराचाच इतिहास आहे. रणरागिणी ताराराणींनी उभ्या केलेल्या या राज्याची सीमा १७३१ च्या वारणेच्या तहाने ठरली, आणि पुढच्या शतकात इंग्रजांची पकड या गादीभोवती आवळत गेली. १८४४ साली इंग्रजांनी नेमलेल्या कारभाऱ्याविरुद्ध सामानगडापासून गडकऱ्यांनी उठाव केला. तो मोडला गेला. १८५७ च्या धामधुमीत चिमासाहेब महाराजांनी इंग्रजांविरुद्ध हालचाल केली म्हणून त्यांना कराचीला नेऊन ठेवले, तेथेच १८६९ साली ते वारले. तरुण राजाराम महाराज इंग्लंडला जाऊन परत येत असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे मरण पावले. त्या कॅथलिक नगरीने या हिंदू राजाच्या दहनास आर्नो नदीकाठी जागा दिली, आणि त्यांची छत्री आजही तेथे उभी आहे. त्यांच्यामागून आलेल्या चौथ्या शिवाजी महाराजांना वेडसर ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले गेले आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी, नाताळच्या दिवशी, रखवालदार गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्या दुर्दैवी राजाचा अंत झाला. त्यांच्या छळाविरुद्ध लिहिल्याबद्दल टिळक आणि आगरकर यांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

म्हणजे १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातील दहा वर्षांचा यशवंतराव दत्तक म्हणून या गादीवर आला, तेव्हा ती गादी कशी होती? शस्त्र हरपलेली, कारभार गोऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेखाली, आणि मागे तीन शोकांतिका. लोकांच्या मनात तिच्याबद्दल कणव होती, आशा फारशी नव्हती. २ एप्रिल १८९४ रोजी शाहू महाराजांनी अधिकारसूत्रे हाती घेतली तेव्हा त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक वाट शिकारीची, दरबारांची आणि तोफांच्या सलाम्या मोजीत बसण्याची. बहुतेक संस्थानिकांनी तीच धरली. दुसरी वाट होती उरलेल्या तुटपुंज्या सत्तेचा उपयोग तळातल्या माणसासाठी करण्याची.

या दोन वाटांचा फरक १९०२ सालच्या उन्हाळ्यात जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचितच कुठे दिसेल. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराज लंडनला गेले होते. समारंभ २६ जूनला व्हायचा होता, आणि तो नेमका महाराजांचा जन्मदिवस. परंतु एडवर्ड आजारी पडले, शस्त्रक्रिया करावी लागली आणि मुकुट घालण्याचा दिवस ९ ऑगस्टपर्यंत पुढे गेला. या मधल्या दिवसांत, २६ जुलै १९०२ रोजी, इकडे करवीर सरकारच्या गॅझेटात महाराजांचा तो ऐतिहासिक हुकूम प्रसिद्ध झाला: यापुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या, शंभरांतल्या पन्नास, मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना द्याव्यात. तिकडे जगातल्या सर्वांत मोठ्या साम्राज्याचा धनी आपल्या मुकुटाची वाट पाहत होता, आणि त्याच्याच दरबारचा एक मांडलिक राजा आपल्या प्रजेतील सर्वांत मागे राहिलेल्यांना खुर्ची देत होता. आज कोल्हापुरात एडवर्डच्या मुकुटाचे नाव कोण काढतो? आणि तो हुकूम? भारताच्या राज्यघटनेतील आरक्षणाची चर्चा निघाली की त्याचे स्मरण केल्यावाचून कोणाला पुढे जाता येत नाही.

सुज्ञ वाचकांनी या हुकमाची रचना ध्यानात घ्यावी. मागासलेले कोण हे सांगताना त्यात जातींची यादी दिलेली नव्हती. पुढारलेल्या काही थोड्या वर्गांची नावे घेऊन त्यांच्याखेरीज सर्वांना त्यात सामावून घेतले होते. दार उघडे ठेवण्याची ती रीत होती. तीच रीत वसतिगृहांच्या बाबतीत दिसते. १९०१ साली मराठा आणि जैन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग निघाले, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, आणि १९१५ साली या मालिकेत इंडियन ख्रिश्चन होस्टेलची भर पडली. ‘आपल्या समाजाचा शाहू महाराजांशी काय संबंध’ असे विचारणाऱ्यांनी हे वर्ष कोरून ठेवावे. इंग्लंडच्या गादीने आमच्या मुलाच्या डोक्यावर छप्पर घातल्याची एक तरी नोंद दाखवावी. कोल्हापूरच्या गादीने ते घातले. मग ‘आपला’ राजा कोण?

पुढे १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. १९०७ साली काम सुरू झालेल्या राधानगरीच्या धरणाने दुष्काळावर पाण्याने उत्तर दिले. १९१८ साली महार वतनाची बेडी तोडली. अस्पृश्य म्हणून हिणविलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराज स्वतः चहा प्याले, बरोबरच्यांनाही पाजला. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण डॉ. आंबेडकरांकडे बोट दाखवून दलित बांधवांस सांगितले की, तुम्हांस तुमचा पुढारी लाभला आहे. राजाने प्रजेला ‘माझ्यामागे या’ म्हणण्याऐवजी ‘त्याच्यामागे जा’ म्हणावे, ही गोष्ट राजेशाहीच्या इतिहासात दुर्मिळ आहे. गादी रिकामी कशी करावी, हे गादीवर बसून शिकविणारा हा राजा होता.

आता आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे, कारण एकतर्फी स्तुती म्हणजे विचार नव्हे. म्हटले जाते की, महाराज इंग्रजांशी एकनिष्ठ राहिले, पहिल्या महायुद्धात त्यांनी सैन्यभरतीस साह्य केले, वेदोक्ताच्या वादात त्यांना इंग्रजांचा आधार होता. हे खरे आहे. असेही म्हटले जाते की, ते लोकनियुक्त राजे नव्हते. त्यांचा हुकूम हाच कायदा होता. हेही खरे आहे. आम्ही ते झाकत नाही. पण या आक्षेपांनी आमचा मुद्दा दुबळा होत नाही, उलट बळकट होतो. इंग्रजांनी त्यांना अनेक पदव्या दिल्या. त्यांची आद्याक्षरे आज कोणास सांगता यायची नाहीत. परंतु १९१९ साली कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय परिषदेने दिलेली ‘राजर्षी’ ही पदवी शेतकऱ्याच्या मुलाच्या तोंडी आहे. साम्राज्याची खूण पुसली गेली आणि लोकांनी दिलेले नाव उरले. माणसे निष्ठेच्या कागदांवरून नव्हे, केलेल्या कामावरून न्याय करतात.

आणि हा मान वारसाहक्काने पुढे जात नाही, हेही कोल्हापूरनेच दाखवून दिले. शाहू महाराजांवर जीव टाकणाऱ्या याच लोकांनी पुढे १९३९ पासून माधवराव बागल यांच्या नेतृत्वाखाली प्रजापरिषदेच्या झेंड्याखाली जबाबदार राज्यपद्धती मागितली. त्यांना महाराज नको होते म्हणून नव्हे. महाराज असोत वा नसोत, आपले हक्क कोणाच्या मर्जीवर नसावेत म्हणून. भर चौकात गव्हर्नर विल्सन यांचा पुतळा उभा होता. बेचाळीसच्या चळवळीच्या काळात स्वातंत्र्यसैनिकांनी तो उद्ध्वस्त केला आणि १९४५ साली त्याच जागी शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५० साली बिंदू चौकात बागलांच्या पुढाकाराने महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसले, आणि तेही डॉ. आंबेडकर हयात असताना. १९७१ च्या घटनादुरुस्तीने तनखे आणि राजेपणाची कायदेशीर मान्यता दोन्ही गेली. त्यानंतर या घराण्याला मतपेटीसमोर उभे राहावे लागले: २००९ च्या लोकसभा निवडणुकीत पराभव वाट्याला आला, २०२४ साली दीड लाखांहून अधिक मताधिक्याने विजय मिळाला. दसरा चौकात सोने लुटताना लोक आजही गादीला मुजरा करतात, पण मत देताना विचार करतात. राजाला मुजरा आणि मताला विचार, हे शहाणपण कोल्हापूरच्या प्रजेत आले आहे. इंग्रजांच्या राजनिष्ठेपेक्षा हे शहाणपण आम्हांस अधिक अनुकरणीय वाटते.

आम्ही ख्रिस्ती आहोत. म्हणून शेवटी हा प्रश्न आम्हांस आमच्या श्रद्धेच्या प्रकाशात पाहिला पाहिजे. इस्राएलचे लोक शमुवेल संदेष्ट्याकडे राजा मागावयास आले, तेव्हा त्याने त्यांना सावध केले: राजा तुमच्या मुलांना रथापुढे धाववील, तुमची उत्तम शेते आणि द्राक्षमळे काढून घेईल, आणि एक दिवस तुम्ही आपल्याच राजाच्या नावाने आकांत कराल. तरी लोक म्हणाले, इतर राष्ट्रांना आहे तसा राजा आम्हांलाही हवा. ‘इतरांसारखा’ या एका शब्दात सारा मोह आला. पोप पायस अकरावे यांनी ११ डिसेंबर १९२५ रोजी ख्रिस्तराजाचा सण घालून दिला, तो कोणत्या काळात? रशिया, जर्मनी, ऑस्ट्रिया येथील मोठमोठी सिंहासने नुकतीच कोसळली होती आणि त्यांच्या जागी नवे हुकूमशहा डोके वर काढीत होते. अशा वेळी ख्रिस्तसभेने जगापुढे जो राजा ठेवला, त्याचा मुकुट काट्यांचा होता, त्याचे वाहन उसने आणलेले शिंगरू होते, आणि आपल्या शिष्यांचे पाय धुण्यासाठी त्याने स्वतः कमरेला रुमाल बांधला होता. राजेपणाची ती कसोटी आहे. त्या कसोटीला लावून पाहिले तर अस्पृश्याच्या हातचा चहा घेणारा कोल्हापूरचा हिंदू राजा सोन्याच्या रथातल्या कोणत्याही ख्रिस्ती राजापेक्षा त्या रुमालाच्या अधिक जवळ दिसतो. हे म्हणताना आम्हांस संकोच वाटत नाही. चांगल्या शोमरोन्याचा दाखला ऐकून वाढलेल्या माणसाला तो वाटूही नये.

मात्र ही कसोटी दूरच्या राजांना लावून थांबणे हा ढोंगीपणा होईल. आपल्या धर्मग्रामातही छोट्या छोट्या गाद्या आहेत. समितीचे अध्यक्षपद, पतपेढीची खुर्ची, उत्सवाचे यजमानपद, वेदीजवळचा पहिला बाक. वर्षानुवर्षे तीच माणसे, तीच घराणी. एखादा सेवक, एखादी मोलकरीण, परगावाहून कामासाठी आलेले एखादे कुटुंब मागच्या बाकावर येऊन बसते आणि मिस्सा संपल्यावर कोणाशीही न बोलता निघून जाते. आपल्या हाती असलेली ही तुटपुंजी सत्ता आपण कोणासाठी वापरतो? १९०२ चा हुकूम आपल्या चर्चच्या आवारात कधी निघणार?

आमची मागणी मोठी नाही. २६ जून हा दिवस आपल्या प्रत्येक धर्मग्रामात पाळला जावा. पुष्पहार घालून मोकळे होण्यासाठी नव्हे, तर त्या दिवशी धर्मग्रामातील शिक्षणावाचून अडलेल्या एका तरी मुलाची किंवा मुलीची, मग ती कोणत्याही धर्माची असो, जबाबदारी आपण सर्वांनी उचलावी म्हणून. धर्मग्रामाच्या समित्यांतील निम्म्या जागा आजवर ज्यांना कधी मिळाल्या नाहीत अशांना, स्त्रियांना, तरुणांना आणि मागच्या बाकावरच्या कुटुंबांना द्याव्यात. आणि येत्या ६ मे रोजी सकाळी दहा वाजता आपल्या घरातली दूरचित्रवाणी क्षणभर बंद करून मुलांना सांगावे की, या शहरात एक राजा होऊन गेला, आणि आपल्या समाजाच्या मुलांनाही त्याने राहावयास घर दिले होते.

एवढे केले तर इंग्लंडच्या मुकुटाचा सोहळा आपण खुशाल पाहावा. मग तो पाहताना आपण कोणाची प्रजा आहोत, हे आपण विसरणार नाही.